आईला जामीन कोण?

आईवडिलांना अमेरिकेत कायमचं आणायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरलास का? तो भरणं त्यामानाने सोपं. नातं सिद्ध करायचं, फी भरायची आणि वाट बघत बसायचं. खरी उस्तवार त्याच्या पुढची, आय-८६४ या फॉर्मची. आणलेल्या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, पडलाच तर तो पैसा मी भरून देईन, अशी लेखी हमी त्यात द्यावी लागते. १९९६ साली कायदा बदलला तेव्हापासून ही हमी कोर्टात वसूल करता येते. नुसतीच सही करून सुटका नाही. ती हमी झेपवण्याइतकी आपली ऐपत आहे हे कागदांनी दाखवावं लागतं, आणि हे कागद गोळा करताना आपल्या घराचा, पैशाचा आणि नात्यांचा सगळा हिशेब टेबलावर येतो.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. मी २०२२मध्ये नागरिक झाले. नुसत्या ग्रीन कार्डावर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, त्यामुळे तोवर थांबणं भाग होतं. वडील आधीच गेले होते. आई सांगलीला, विश्रामबागेत, खाली ती आणि वर दादाचं बिऱ्हाड. २०२३मध्ये तिचा अर्ज टाकला. तो मंजूर होऊन प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेलं तेव्हा २०२४ उजाडलं होतं, आणि नेमकी त्याच वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. इथे आयटीत असलेल्या कुणालाही त्या वर्षाबद्दल जास्त सांगायला नको.

व्हिसा सेंटरच्या पोर्टलवर दोन फिया भरायच्या असतात, हमीपत्राचे १२० डॉलर आणि व्हिसाच्या अर्जाचे ३२५. मग दोन बाजूंनी कागद चढवायचे. एका बाजूला आईचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला वगैरे. ती बाजू दादाने सांभाळली आणि त्याबद्दल तो अजून ऐकवतो. दुसरी बाजू पैशाची, म्हणजे माझी.

पहिला प्रश्न: घरात माणसं किती? वाचायला सोपा, पण सगळं गणित याच्यावर उभं आहे. सरकार दरवर्षी गरिबीची रेषा ठरवतं, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे. हमी देणाऱ्याचं उत्पन्न त्या रेषेच्या १२५ टक्के तरी हवं. मी धरून एक, नवरा दोन, दोन मुलं म्हणजे चार. येणारी आई पाचवी. मी तिथे थांबणार होते, तेवढ्यात ‘इतर अवलंबित’ या ओळीवर नजर गेली. माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. नवऱ्याने त्यांना पूर्वीच ग्रीन कार्डावर आणलं, आणि आमच्या टॅक्स रिटर्नमध्ये त्यांचं नाव अवलंबित म्हणून असतं. म्हणजे त्या धरायच्या. सहा.

सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या. “मी कुठल्या रकान्यात?” त्यांनी विचारलं. दाखवला. “आणि तुझी आई?” तोही दाखवला. “दोघी एका पानावर आलो की,” म्हणाल्या आणि दळण टाकायला उठून गेल्या. दळण म्हणजे मिक्सर, पण त्यांच्या तोंडचा शब्द तोच.

२०२४ची रेषा सहा माणसांना ४१,९६० डॉलर होती, तिचे १२५ टक्के म्हणजे ५२,४५०. पाच माणसं असती तर ४५,७२५ला भागलं असतं. एका माणसाने पावणेसात हजारांचा फरक पडतो, म्हणून माणसं मोजताना घाई करू नये. एकच माणूस दोन ओळींत बसत असेल तर मात्र ते एकदाच धरायचं, हे फॉर्मवरच लिहिलेलं असतं. सरकारी फॉर्म सूचनांसकट वाचणारी माणसं कमी, पण या फॉर्मच्या सूचना खरोखर वाचण्यासारख्या आहेत. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

आता उत्पन्न. २०२३चं रिटर्न आमचं एकत्र होतं आणि त्यात नवऱ्याचा भरघोस पगार होता. ओळखीतल्या एकाने सुचवलं, तेच लाव, कोण बघतंय. पण फॉर्म विचारतो ते चालू वर्षाचं उत्पन्न. रिटर्न हा पुरावा म्हणून जोडायचा, आणि नोकरी गेलेली असताना गेल्या वर्षीचा पगार आजचा म्हणून लिहायचा हे मला पटण्यासारखं नव्हतं. खाली सही शपथेवर असते.

मग राहिलं माझं उत्पन्न. मी घरून छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, स्वतःचाच धंदा. या धंद्यात मी गिऱ्हाइकांना एकच सांगत असते: खर्चाची प्रत्येक पावती ठेवा, कायद्यात बसतो तो प्रत्येक खर्च दाखवा, टॅक्स वाचतो. माझ्याही शेड्यूल सीवर, म्हणजे रिटर्नला जोडायच्या धंद्याच्या हिशेबात, तसंच होतं. वर्षाला साधारण ६१ हजार आलेले, त्यातून सॉफ्टवेअर, घरातल्या ऑफिसचा हिस्सा, विमा असं सगळं जाऊन उरलेले ४५ हजार. हमीपत्राला लागतो तो उरलेला आकडा, कारण फॉर्म १०४०च्या, म्हणजे मुख्य टॅक्स रिटर्नच्या, ९व्या ओळीत, एकूण उत्पन्नात, तोच पोचतो. टॅक्सवाल्यांना जितकं कमी दाखवावं तितकं इमिग्रेशनवाल्यांपुढे कमी पडतं. धंदा करणाऱ्या कुणाला पुढच्या दोनेक वर्षांत आईवडिलांना आणायचं असेल तर ही गोष्ट रिटर्न भरतानाच डोक्यात ठेवावी. पगारदारांना हा ताप नाही. डब्ल्यू-२ हा कंपनीचा वर्षाच्या पगाराचा दाखला, गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र, झालं.

५२,४५० हवे, ४५,००० आहेत. कमी पडले ७,४५०.

ही गोष्ट मित्रमंडळींत निघाली आणि रालीतला आमचा एक मित्र लगेच म्हणाला, “जॉइंट स्पॉन्सर मी होतो ना. दे कागद, सही करतो.” त्याचा पगार चांगला, नागरिक आहे, मनाने मोठा. म्हणजे माझ्याबरोबर तोही हमी देणार. नियमात बसत होतं. जॉइंट स्पॉन्सर नात्यातला असावा लागत नाही, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, अठरा वर्षांचा आणि इथे राहणारा असला की पुरे. फक्त त्याचं उत्पन्न त्याच्या घरची माणसं अधिक माझी आई एवढ्यांना स्वतंत्रपणे पुरायला हवं. आणि तो असला तरी माझा आय-८६४ सुटत नाही, तो द्यावाच लागतो.

त्याच्या घरी जाऊन यादी दिली. टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा सरकारी गोषवारा), नोकरीचा पुरावा, पासपोर्टची प्रत. आपल्याकडे मित्राला पगार विचारत नाहीत, आणि इथे मी त्याचं अख्खं रिटर्न मागत होते. त्याला काही वाटलं नाही. त्याच्या बायकोने मात्र फॉर्म हातात घेऊन करारनाम्याचं पान शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “हे किती वर्षांसाठी आहे गं?”

अगदी योग्य प्रश्न. बहुतेक लोक तो विचारत नाहीत. ही हमी वर्षांवर नाही, घटनांवर संपते. आणलेला माणूस नागरिक झाला, किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमल्या, म्हणजे ढोबळमानाने दहा वर्षांची नोकरी, किंवा तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा देश सोडून गेला, किंवा वारला, किंवा हमी देणाराच वारला, तर. तोवर चालू. मधे त्या माणसाने उत्पन्नावर आधारलेली ठरावीक सरकारी मदत घेतली तर सरकार ती हमी देणाऱ्याकडून मागू शकतं. घर बदललं तरी ३० दिवसांत आय-८६५ भरून पत्ता कळवायचा. हे सगळं जॉइंट स्पॉन्सरलाही तितकंच लागू. आई अडुसष्ट वर्षांची. ती इथे दहा वर्षं नोकरी करणार नाही. नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनी करता येतो, पण त्याला इंग्रजीची परीक्षा आहे, आणि वयावर मिळणारी सूट फक्त इथे पंधरा-वीस वर्षं ग्रीन कार्डावर काढलेल्यांना. म्हणजे व्यवहारात ही सही आईच्या आयुष्यभराची. मी हे सगळं दोघांना सांगितलं. मित्र म्हणाला, तरी करतो. त्याची बायको काही बोलली नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते.

रात्री आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती एकदम म्हणाली, “माझ्यासाठी परक्या माणसानं जामीन राहायचं नाही.”

याला कारण होतं. वडील जिल्हा परिषदेत होते. तिथल्या पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज घेताना एकमेकांना जामीन राहायची रीत होती, चहा पाजण्याइतकी सहज. वडील एका सहकाऱ्याला जामीन राहिले. त्याने हप्ते थकवले आणि ते वडिलांच्या पगारातून कापले जाऊ लागले. मी तेव्हा शाळेत होते. घरात किती ओढाताण होती ते आता लिहित बसत नाही, पण त्या माणसाच्या बायकोशी आई भाजी मंडईत बोलत असे, कारण तिचा दोष नव्हता, आणि घरी येऊन वडिलांशी बोलत नसे. तिला करारनाम्यातल्या ४० तिमाह्या समजावून सांगायची गरज पडली नाही. जामीन म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत होतं.

माझं आताचं मतही हेच आहे. जॉइंट स्पॉन्सर हा शेवटचा उपाय असावा. लोक तो पहिला म्हणून वापरतात, कारण सोपा दिसतो: दुसऱ्याचे कागद जोडले, आपलं काम झालं. आधी घरातलं उत्पन्न बघावं, मग मालमत्ता, मग येणाऱ्या माणसाची स्वतःची मालमत्ता. यातलं काहीच नसेल तर मित्राकडे जावं, आणि गेलात तर त्याला आणि त्याच्या घरातल्यांना ते पान वाचायला लावावं.

मधे दादा भडकला. त्याचा सांगलीत धंदा बरा चालतो. “सात हजार डॉलर मी दरवर्षी देतो. माझी आई आहे, मी जामीन राहतो!” त्याला सांगितलं, हमी देणारा अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, तुझा पैसा कितीही असला तरी चालत नाही. “म्हणजे तुझा तो रालीचा मित्र चालतो आणि पोटचा मुलगा नाही?” नियम तसाच आहे, पण त्याला उत्तर देताना माझी जीभ जड झाली.

तोडगा फॉर्मच्या ७व्या भागात होता. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते, आणि ती येणाऱ्या माणसाची स्वतःचीही चालते. अट अशी की कमी पडलेल्या रकमेच्या पाचपट ती हवी, आणि वर्षाच्या आत तिचे रोख पैसे करता यायला हवेत. नवराबायकोच्या किंवा मुलांच्या प्रकरणात नागरिकाला तिप्पट पुरते, आईवडिलांना पाचपट. ७,४५०च्या पाचपट ३७,२५०. तेव्हाच्या ८४च्या भावाने एकतीस लाखांच्या वर थोडे.

आईकडे तेवढे होते. तासगावची जमीन विकली तेव्हा तिच्या वाट्याला आलेले आणि वडिलांच्या मागे मिळालेले, सगळे मुदत ठेवीत. काही पावत्या दादाच्या जोडनावाने होत्या, त्या बाजूला ठेवल्या. एकट्या तिच्या नावावरच्या तेवढ्याच धरल्या, तरी भागत होतं. घर धरायचं का यावर दादाशी बोलणं झालं. घर दाखवायचं तर मूल्यांकन, मालकीचे उतारे, बोजा नसल्याचा पुरावा, आणि मुख्य म्हणजे वर्षात विकता येईल असं म्हणावं लागतं. वर दादा राहतो. ते वाक्य मी लिहिणार नव्हते, तेव्हा घर सोडलं.

बँकेची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांचं अडतं. फॉर्मला गेल्या बारा महिन्यांचं खात्याचं विवरण लागतं, नाहीतर बँकेच्या अधिकाऱ्याचं पत्र, ज्यात वर्षभरातल्या जमा-खर्चाची नोंद आणि आजची शिल्लक असेल. दादा बँकेत गेला आणि सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट घेऊन आला. आपल्या बँकांना परदेश म्हटलं की तेच आठवतं, कारण विद्यार्थ्यांना ते लागतं. त्यात ‘अमुक रकमेपर्यंत पत आहे’ एवढंच असतं, पैसा कुठे आणि कधीपासून ते नसतं. परत पाठवलं. मग तो चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र घेऊन आला, डॉलरमध्ये आकडा, गोल शिक्का, सुंदर कागद. ते मी ठेवलं, कारण रुपयाचं डॉलरमध्ये रूपांतर त्यात नीट होतं, पण मागे बँकेचा कागद नसेल तर अशा प्रमाणपत्राला माझ्या दृष्टीने फार वजन नाही. शेवटी मी हव्या त्या मजकुराचा मसुदाच मराठी-इंग्रजीत लिहून पाठवला, काउंटरवरच्या बाईंनी तो साहेबांपुढे ठेवला आणि बँकेच्या लेटरहेडवर छापून मिळाला. बँकेला दोष नाही, तिथे कुणी असं पत्र कधी मागितलं नव्हतं. पावत्यांच्या प्रती, पासबुकाची वर्षभराची पानं आणि हे पत्र, एकाच पीडीएफमध्ये.

पैसा भारताबाहेर नेता येतो का, असा प्रश्न येऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतात राहणाऱ्या माणसाला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. तशी दोन ओळींची नोंद खुलाशाच्या पत्रात घातली.

हे सगळं आईला समजावलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हणजे माझ्याच पैशावर मी येणार. मग तुझी सही कशाला?” म्हटलं, पैसे संपले तर. “आणि तू नाही दिलेस तर?” म्हटलं, मग तू माझ्यावर दावा लावू शकतेस, तसं करारात आहे. हे तिला फार आवडलं. शेजारच्या काकूंना लगेच सांगितलं, अमेरिकेत मुलीवर दावा लावता येतो म्हणून.

माझ्या बाजूचे कागद त्यामानाने लवकर जमले. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवरून टॅक्स ट्रान्सक्रिप्ट फुकट उतरवता येते. मी जोडीला रिटर्नची पूर्ण प्रत, शेड्यूल सी, चालू वर्षाचं नफातोटा पत्रक आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमा दाखवणारी खात्याची विवरणं लावली. नागरिकत्वाचा दाखला. नवऱ्याच्या नोकरीबद्दल खुलासा, चार वाक्यांत, रडगाणं न गाता. फॉर्म संगणकावर भरला, छापला, शाईने सही केली, पुन्हा स्कॅन केला. एकही पान गाळायचं नाही, कोरं असलं तरी.

कागद पुरे असल्याचा निरोप आल्यावर मुलाखतीची तारीख येईपर्यंत नवऱ्याला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. आता आय-८६४ए भरता येत होता. घरातल्या माणसाने आपलं उत्पन्न जोडायचं ठरवलं की तो आणि मुख्य हमीदार दोघांनी त्यावर सह्या करायच्या. नव्या कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सुधारलेला आय-८६४, असा नवा गठ्ठा आईकडे पाठवला. ठेवींचे कागदही त्यात राहू दिले.

मुलाखत २०२५च्या सुरुवातीला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत झाली. तिथे मराठीत बोलायची सोय आहे. विचारलं ते थोडंच. मुलगी काय करते? आई म्हणाली, “दुसऱ्यांचे हिशेब लिहिते.” तिथे राहणार कुठे, खर्च कोण करणार? “तीच. आणि माझेही आहेत.” खिडकीपलीकडच्या माणसाने गठ्ठा चाळला, नव्या कंपनीचं पत्र ठेवून घेतलं, बाकीचं परत दिलं. ठेवींच्या ज्या पत्रासाठी दादाने इतके हेलपाटे घातले ते त्याने उलटूनही पाहिलं नाही, असं आईचं म्हणणं. दादाला हे अजून सांगितलेलं नाही. निघण्यापूर्वी ग्रीन कार्डाचे २३५ डॉलर ऑनलाइन भरले.

एक गोष्ट या फॉर्ममध्ये कुठेच नाही आणि खर्च मात्र सगळ्यात मोठा तोच आहे: आरोग्य विमा. ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअर हा सरकारी विमा विकत घ्यायलाही इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवरची सोय आपली आपण. हमीपत्र जमलं की लोक सुटल्यासारखे श्वास सोडतात. त्या आठवड्यात विम्याचे दर काढून बघावेत.

आई येऊन स्थिरावल्यावर दादाचा फोन आला, माझं काय? भावासाठी नागरिकाला अर्ज करता येतो. पण भारतातल्या भावंडांची रांग त्या वेळी २००६ साली अर्ज केलेल्यांवर होती. आज टाकलेला अर्ज फळाला येईतो त्याची मुलगी एकविशी केव्हाच ओलांडून बसेल, म्हणजे ती त्याच्याबरोबर येऊ शकणार नाही. आणि तेव्हा माझ्या आय-८६४वर ‘पूर्वी हमी दिलेले’ या ओळीत आईही मोजावी लागेल.

“असू दे,” तो म्हणाला. “टाकून ठेव. फी तरी माझी चालेल ना त्यांना?”

म्हटलं, चालेल.